निळी बादली

लुसुंगूला घेऊन तिचा भाऊ आला
तेव्हा त्याच्या हातात नवीकोरी निळी बादली होती,
म्झिंबाच्या बाजारातली, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.
"तुम्ही प्लास्टिकची सर्जरी करता म्हणे.
इथं सामान कमी पडतं, म्हणून आम्हीच आणलं."
मी हसू दाबलं.
सामान कमी पडतं, हे तर खरंच होतं.

अकरा वर्षांपूर्वी फिट येऊन ती चुलीत पडली.
शिवाल तर तुम्हालाही लागेल ते,
असं म्हणत माणसं उभी राहिली. थोडाच वेळ.
जखम भरली,
भरता भरता हनुवटी छातीला शिवून गेली.
तोंड मिटेना. लाळ थांबेना.
आभाळ बघायचं तर अख्खं अंग मागं मोडायचं.

वॉर्डात ती माणसं पायांवरून ओळखायची.
सुजलेले घोटे ते आचारणीचे,
एक पाय फरफटतो तो रात्रीचा पहारेकरी.
"आणि तू,
डाव्या चपलेला तार बांधलेली."

डॉक्टर गोंद्वे वर्षातून दोनदा येतात, लिलोंग्वेहून.
दिवस नऊ, यादीत नावं त्रेपन्न:
फाटक्या ओठांची बाळं, बोटं चिकटलेल्या मुठी,
कुत्र्यानं गाल नेलेला एक शाळामास्तर.
लुसुंगू सातव्या दिवशी.
मान सुटली आणि वीज गेली.
अँब्युलन्समधलं डिझेल जनरेटरला पोचेपर्यंत
दोन मोबाइलचा उजेड,
एक माझ्या हातात, खांदा भरून आलेला.
मांडीवरून काढलेली कातडी, कांद्याच्या पापुद्र्याइतकी,
गळ्यावर पसरली. टाके घातले. कुणी बोललं नाही.

पाचव्या दिवशी पट्टी मी उघडली, एकटीनं;
डॉक्टर केव्हाच परतल्या होत्या.
कानाखालचा एक कोपरा काळा.
बाकी गुलाबी.
मी दोनदा मोजल्यासारखं पाहिलं.

फोनवर डॉक्टर म्हणाल्या, जखम धरली की गळपट्टा हवा,
सहा महिने, रात्रंदिवस, नाहीतर पुन्हा आकसेल.
गळपट्टे मार्चमध्येच संपले होते.

मग मी बादली कापली,
पत्र्याच्या कात्रीनं, तळ सोडून.
उकळत्या पाण्यात मऊ करून आधी माझ्याच मानेवर वाकवली
(डाग अजून आहे),
आतून चितेंजेच्या जुन्या कापडाचं अस्तर लावलं.
भावानं पाहिलं. "मी सांगत होतो ना," म्हणाला,
आणि उरलेला तळ मागून घेतला, कोंबड्यांच्या पाण्यासाठी.

फिटच्या गोळ्या महिनाभराच्याच मिळाल्या.
पुढच्या महिन्याचं मी वहीत लिहून ठेवलंय, लाल शाईनं.
तिच्या घरी चूल अजून जमिनीवरच आहे.

जायच्या दिवशी ती दारात थांबली,
निळ्या पट्ट्यातून मान वर धरून
माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत.
"अशी होय तू," म्हणाली.
आवडलं की नाही, कळलं नाही.
मग सबंध कमरेतून वाकून
तिनं खात्री करून घेतली:
तार होती.