उन्हाने जाणारा डाग

मुरा नदीच्या काठी भोपळा पिकवतात तो बियांसाठी.
गर डुकरांना, उरलेला परत शेताला.
एवढा मोठा देह
आणि हिशेब फक्त मूठभर हिरव्याचा.
बीही उघडीच, वर टरफल नाही,
नुसती पातळ झिलई, ओल्या पापणीसारखी.

मार्गिता साठ वर्षं बिया काढतेय.
बाक, बादली, बोथट चमचा;
मग चमचाही नको, सरळ हात घालायचा कोपरापर्यंत
त्या थंडगार तंतूंमध्ये.
शेजारची इर्मा म्हणते, हात बघ तुझे,
सत्तरीच्या बाईचे वाटतात का?
मार्गिता हात उलटेपालटे करून बघते.
वाटत नाहीत खरे. चेहरा मात्र वाटतो.
“मग तोंडही घाल ना भोपळ्यात,” इर्मा म्हणते,
आणि दोघी इतक्या हसतात
की बादली लवंडते.

तसं घालूनही झालंय.
लग्नाच्या आदल्या रात्री आईने
किसलेला गर, मध, चमचाभर साय
गालांवर थापून तिला चुलीपाशी बसवलं होतं.
मांजर येऊन चाटायला लागलं.
सकाळी गाल तुकतुकीत,
आणि गेझा कानाशी वाकून म्हणाला,
तुला भोपळ्याचा वास येतोय.
तेव्हापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य,
सेहेचाळीस वर्षं टिकलेलं.

गिरणीत बिया दळतात,
पाणी-मीठ घालून मळतात, कढईत भाजतात.
वास उठतो तेव्हा
रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकतो.
दाबाखालून येतं ते तेल
बाटलीत काळं, बशीत हिरवं,
आणि कडेला, जिथे पातळ होतं, तिथे लाल.
बाईमाणसासारखं, गेझा म्हणायचा.
पुरुषासारखं, मार्गिता म्हणायची,
कोण कुठून बघतंय त्यावर.

मग गेझा रात्री उठू लागला.
एकदा. तीनदा. पाचदा.
ती अंधारात पडून जिन्याच्या पायऱ्या मोजायची,
उतरताना चौदा,
चढताना मध्ये थांबून चौदा.
या दुखण्यावर गावातल्या पुरुषांचा एकच तोडगा,
खिशात मूठभर बिया.
चर्चच्या पायरीवर, ट्रॅक्टरवर, कुणाच्या तेराव्यालाही
चघळत असतात,
आणि कशासाठी ते कुणी कुणाला विचारत नाही.

गेझाने तीन हिवाळे चघळल्या.
बियांनी त्यांना जमलं ते केलं.
भूक वाढवली, झोपेच्या तुकड्यांना जरा लांबी दिली,
काहीतरी करतोय असं त्याला वाटू दिलं.
आत जे वाढत होतं
त्याच्यापर्यंत त्यांचा आवाज पोचला नाही.
खा की, सोबोतातला डॉक्टर म्हणाला,
चांगल्याच असतात.
माझ्याकडे मात्र आधी यायचं.

लुब्लियानाहून सून आली ती
अंगठ्याएवढी बाटली घेऊन, ड्रॉपर लावलेली.
रात्री झोपताना लावायचं सीरम.
किंमत वाचून मार्गिताने चष्मा पुसला, परत वाचली.
मग हुंगलं. आपलंच तेल,
वास काढून टाकलेलं.
“वास का काढला?”
“लोकांना आवडत नाही, आई.”
मार्गिता काही बोलली नाही.
चार थेंब घेतले
आणि टाचांच्या भेगांत जिरवले.

या तेलाचा डाग साबणाने जात नाही.
लिंबाने नाही, राखेने नाही.
कापड उन्हात टाकायचं, बस.
दुपारपर्यंत हिरवं विरत जातं,
संध्याकाळी होतं की नव्हतं कळत नाही.
इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं हे.

गेझाचा पांढरा सदरा.
त्याच्या शेवटच्या ईस्टरला सांडलेलं सॅलड,
खिशाच्या खाली पानाएवढा डाग.
दोरीवर टाक, इर्मा कुंपणापलीकडून म्हणाली,
आज ऊन चांगलंय.
हो, टाकते, मार्गिता म्हणाली.
सदऱ्याची घडी केली,
कपाटाच्या तळाशी, लोकरी पांघरुणाखाली ठेवली,
दार लावलं.
मग खिडकीचा पडदाही ओढून घेतला.
ऊन काय, कुठूनही येतं.