दिवस भरत नाहीत

रहमाबाईंनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला.
एकशे बावीस.
"कुबल मिस, आपके दिन पूरे नहीं होते."
हिंदीत म्हणाल्या. ऐकू मला मराठीत आलं,
आणि हात आपोआप पोटावर गेला.
खरंय, अजून कुठे भरलेत,
सातवा तर आत्ता लागला.

दारसैतच्या या शाळेत मी सहा वर्षं आहे.
सहा वर्षं म्हणजे
बिन्सी टीचरचे पन्नास दिवस, मुलगा झाला.
मग उन्हाळा, शाळा बंद, मीही बंद.
मग नसीमा मॅडमची जुळी, त्यात थोडे वाढवून मिळाले.
मग काही नाही.
मग काही नाही.
मग पद्मजा मिस, जिचं राहिलं नाही,
जी अकराव्या दिवशी येऊन
माझ्या हातातला खडू घेऊन फळ्याकडे तोंड करून उभी राहिली.
ते अकरा दिवस मी बिलात कधी लावले नाहीत.
आज मोजताना आठवले. तरीही लावले नाहीत.

दुसऱ्यांच्या बाळंतपणांवर माझी नोकरी चालली.
कुणाला मळमळायला लागलं की मला फोन येई,
आणि मी, देवा शप्पथ, खूश होई.
दिगंबरला सांगे, नसीमाला दिवस गेलेत,
तो विचारी, किती दिवस?
त्याला महिने नको असत, पगार हवा असे.

इथल्या चिल्लरीला बैसा म्हणतात.
नवी होते तेव्हा रुवीच्या दुकानात हसू यायचं,
शंभर बैसा, दोनशे बैसा,
पोथीतल्यासारखं कुणी आग्रहाने बसवतंय असं वाटायचं.
रहमाबाईंनीही बसवलं. पाणी दिलं, खजूर दिला,
आपल्या चौथ्या वेळी पाय किती सुजले होते ते दाखवलं, हाताने.
चांगली बाई आहे. नियम तिने केलेला नाही,
तो फक्त तिच्या ड्रॉवरमध्ये राहतो.
सलग सेवा, असं त्यात आहे. मधे खंड नको.
मी नवऱ्याच्या व्हिसावर, कागदोपत्री गृहिणी.
शाळेच्या वहीत माझं नाव पेन्सिलीने.

दिगंबर वादी कबीरला डक्टचे पत्रे कापतो.
रात्री कानात पत्रा घेऊनच घरी येतो, मोठ्याने बोलतो.
गावी जा, म्हणतो, वेंगुर्ल्याला, आई आहे,
इथलं हॉस्पिटलचं बिल बघितलंस का.
बघितलंय.
तिकीटवाल्याला विचारलं,
तो म्हणाला, पुढच्या महिन्यात नको, फार दिवस झालेले असतील.
शाळेत कमी, विमानात जास्त.
दिवस तेच.

सध्या मी पहिली ब वर.
शालिनी मॅडमची रजा आहे, तिसरं.
तिसऱ्या बाकावर जोविन, बिन्सीचा.
तो जन्मला त्या आठवड्यात मी पहिल्यांदा इथे हजेरी घेतली.
त्याचं वय आणि माझी नोकरी बरोबरीची,
फक्त त्याला मधे कुणी तोडलं नाही.

काल प्रिन्सिपॉलनी हाक मारली.
शालिनी यायच्या आधी तुम्ही गेलात तर वर्गाचं काय?
कुणी आहे का ओळखीत? तुमच्यासारखं?
मी साजिदाचा नंबर दिला.
सांगितलं, हुशार आहे, वेळेवर येते,
आणि दोन मुलं झालेली आहेत, आता काही अडचण नाही.
हे शेवटचं मी का म्हणाले?
कुणी विचारलं नव्हतं.
जिना उतरताना जीभ चावली, पण बोलून झालं होतं.

फॉर्म मी परत आणला नाही.
रहमाबाई म्हणाल्या, राहू दे, मोठ्या साहेबांना दाखवते,
इन्शाल्ला.
आज गुरुवार. त्या रविवारी या म्हणाल्यात.
तोवर आणखी तीन भरतील,
दोन्हींपैकी एका तरी हिशेबात.