कान

एकोणीसशे एकोणपन्नासची एमजी. विलायती, हिरवी,
म्हणजे कधीकाळी हिरवी.
रोझारियो गार्ड पर्थला निघाला तेव्हा नानांनी घेतली,
क्रेडिट सोसायटीचं कर्ज काढून
आणि वर स्वतःची सायकल देऊन.
भुसावळभर एकच बोलणं :
बॉयलरवाल्या फालकाला ऊन लागलं.

दोन माणसांची गाडी. दार इतकं खाली
की हात सोडला तर बोटं रस्त्याला लागावीत.
वजन बैलजोडीएवढं, फार तर वर एक पोतं सरकी.
एकदा तापीच्या वाळूत रुतली,
तर भरीत खायला जमलेल्या पाच जणांनी
तोंडातला घास न गिळता मागून उचलून दिली.

तिचे नट आपल्या कुठल्याच पान्याला बसत नाहीत.
तिची बॅटरी उलटी, प्लस जमिनीला.
अंगात लोखंडाच्या बरोबरीनं लाकूड,
ते आमच्या एका मे महिन्यात चिरलं.
मग यावलच्या वखारीतून साग आला,
एकनाथ मिस्तरीनं दाराची चौकट बसवली
त्याला येत होत्या त्या सांध्यांनी, म्हणजे बैलगाडीच्या.
दार लागतं तेव्हा अजून जू टेकल्यासारखं वाजतं.

तेल गळतंच. खाली जुनी परात.
आई सकाळी वाकून बघायची आणि सांगायची, "आज कमी आहे,"
जणू घरात कुणाचा ताप उतरलाय.
पारा शेचाळीसवर गेला की पेट्रोलची नळीतच वाफ होते.
त्यावर नानांचा इलाज, कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे,
सहा, नळीला ओळीनं, पंपाला ओलं फडकं.
त्या दिवशी आमच्या साड्या
बऱ्हाट्यांच्या अंगणात उडून जायच्या.

नाना तीस वर्षं लोको शेडमध्ये रिव्हेट ठोकत होते.
पेन्शन घरी आली, कान तिथेच राहिले.
आणि या गाडीला दोन कार्बुरेटर.
दोघांनी सारखा श्वास घ्यावा लागतो,
आणि ते नळी लावून ऐकल्याशिवाय कळत नाही.

मी सात वर्षांची.
दवाखान्यातून आणलेली रबरी नळी,
एक टोक माझ्या कानात, दुसरं त्यांच्या हातात,
आधी डाव्याच्या तोंडाशी, मग उजव्याच्या.
"आयक बरं पोरी, कोन्ता जास्त फुसफुसते?"
मी बोट दाखवायचे. ते पाव आटा फिरवायचे.
पुन्हा. पुन्हा.

एकदा कंटाळून खोटंच सांगितलं, सारखे आहेत.
फैजपूरच्या अलीकडे गाडी खोकली, थांबली.
रागावले नाहीत. बॉनेट उघडलं,
खिशातून नळी काढली, माझ्यापुढे धरली.
"माहे कान तूच व पोरी.
तू खोटं बोल्ली, त मंग मी खरंच बहिरा."

पुढे सावद्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळी.
उघड्या गाडीत कळतं ते काचा वर करून जाणाऱ्याला कळत नाही :
बाग सुरू होते तिथे हवा एकदम गार,
ओल्या फडक्यासारखी गालावर,
बाग संपली की पुन्हा भट्टी.
डोळे मिटून मी बागा मोजायचे.
नाना गिअर बदलायचे क्लचमधल्या पायानं ऐकून.

गेल्या दिवाळीत पुण्याहून एक जण आला.
वरातीत नवरदेव बसवायला हवी म्हणाला, आकडा लाखांत.
मी पॉलिटेक्निकात शिकवते, मला हिशेब येतो.
चावी फिरवली. पंप टकटकला, आधी घाईनं, मग सावकाश, मग गप्प.
"बंद पडली का?" त्यानं विचारलं.
मी त्याला चहा दिला.

आता नळीची दोन्ही टोकं माझ्याच हातात.
स्क्रू फिरवायला तिसरा हात लागतो.
बऱ्हाट्यांचा नातू येतो, चिन्मय,
पाव म्हटलं की अर्धा फिरवतो
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो.
पुन्हा, म्हणते मी.