पटाचा शनिवार

शुक्रवारी लॅबचं शटर ओढून
मी आणि शेवंता साकोलीच्या शेवटच्या एसटीत बसलो.
"दोन दिवस पट पाहू, नाटक पाहू, झोपू," ती म्हणाली,
"लोकांचं रक्त सोमवारी."
माझ्या पिशवीत दोन स्वेटर,
तिच्या पिशवीत एक शाल
आणि भावाच्या बैलांसाठी तीन किलो ढेप.

पिंपळबोडीत धुकं
बोडीवरून उठायलाच तयार नव्हतं.
धान निघालेल्या बांध्या, धसकटं दवानं ओली,
आणि त्यांच्या मधोमध पाणी मारून चोपलेली दाण,
कुणी पट्टी ठेवून ओढावी तशी.
गावात एवढीच एक गोष्ट सरळ होती.

भोजराज, शेवंताचा भाऊ,
डिसेंबरपासून रात्रीचा भात सोडलेला.
"धुरकऱ्याचं वजन बैलाच्या मानेवर येते ना बाई,"
असं म्हणून माझ्यासमोर आठ भजे ठेवले
आणि स्वतः नुसता त्यांचा वास घेत बसला.
त्याच्या एका बैलाचं नाव पाखऱ्या,
दुसऱ्याचं मास्तर.
मास्तर का, तर तो कुणाकडे पाहतो तेव्हा
आपण काहीतरी विसरलोय असं वाटतं.

दुपारपर्यंत ट्रॉल्यांवर माणसं, माणसांवर पोट्टे,
भोंग्यातून कुणाच्या तरी हरवलेल्या चपलेची घोषणा,
मधेच, "कापगतेंची जोडी, झेंडीवर या!"
मी फोन काढला. नेम धरला.
तेवढ्यात एका बाईनं "धरा जरा" म्हणत
तिचं लेकरू माझ्या हातात दिलं
आणि स्वतः ट्रॉलीवर चढली.

लेकराचं टोपडं सरळ करत होते मी
तेव्हा जमीन आधी कळली,
तळपायांतून, मग गुडघ्यांतून,
मग एक ओरड, सगळ्या गावाची मिळून एक,
आणि धूळ.
सात सेकंद, वर काही पॉइंट.
एवढ्यासाठी मी नागपूरहून आले होते
आणि पाहिलं काय, तर टोपड्याची नाडी.
लेकरू मात्र पाहून हसत होतं. त्याला सगळं दिसलं होतं.

तीन पॉइंटांनी हुकलं.
मोटरसायकल आमगावच्या जोडीकडे गेली.
कुणी काही बोललं नाही. भोजराजनं छकडा सोडला,
जू उतरवलं, गरम पाण्यात फडकं बुडवून
आधी मास्तरची मान शेकली, मग पाखऱ्याची,
आणि मग, पहिल्यांदाच, दोन वाट्या भात खाल्ला.

रात्री नाटकाला अजून वेळ होता.
तणसाच्या शेकोटीपाशी मी त्याला
मावसभावानं पाठवलेला व्हिडिओ दाखवला:
कुठल्याशा थंड देशात, नुसतं पांढरं,
एक घोडा सुसाट, त्याच्यामागे दोर,
दोराला माणूस, पायांत दोन फळ्या.
मला वाटलं, हसेल.
त्यानं तो चार वेळा पाहिला.
पाचव्यांदा बोट ठेवून थांबवला, जिथे माणूस वळणावर
अर्धा आडवा झालेला.
"कासरा बरोबर धरला यानं," म्हणाला.
मग बराच वेळ घोड्याकडे.
"याले मागून फळ्या लागत नसतील काय खुरांना?"
"पाणी कोमट देतात का थंडच?"
"आणि हरला तर
घोड्याले कोण समजावते?"

मला माहीत नव्हतं.
प्रश्न जसेच्या तसे मावसभावाला टाकले.
तिकडे दिवस होता की रात्र, तेही माहीत नव्हतं.

मग तंबूत हार्मोनियम सुरू झालं,
पडदा अडकला, सुटला, पुन्हा अडकला.
मागे, गोठ्याच्या अंधारात,
मास्तरचा श्वास पांढरा होऊन
थोडा वेळ हवेत उभा राहायचा.

सोमवारी सुईचा कापूस मोजताना फोन वाजला.
मावसभाऊ: पाणी कोमट देतात.
फळ्यांचं विचारलं, दोर त्यासाठीच लांब असतो.
शेवटचं विचारून सांगतो,
इथे तसं कुणी विचारत नाही.

माझ्या कानातून अजून धूळ निघत होती.