भोक

शिरोलीच्या फाउंड्रीत माझं काम भोकाचं.
लोखंड ओततात भट्टीवरचे गडी,
मी वाळूत राळ कालवून
मनगटाएवढी कोअर ठोकते पेटीत.
ती साच्याच्या मधोमध उभी राहते,
वीस किलोची प्लेट तिच्याभोवती थिजते,
मग तिला फोडून झाडून टाकतात.
दांडा जातो ती पोकळी माझी.
दिवसाला दोनशे चाळीस.

भाऊ जोतीराम तालमीतला.
पहाटे चारला हौद्यातली माती उकरायचा.
ताकाची घागर, हळद, तेलाचा डबा
मी वाहायचे दारापर्यंत.
"मी आत येतो," म्हणायचे वस्तादांना;
आमच्याकडं बाईसुद्धा येतोच म्हणते.
व्याकरण आत जायचं,
मी उंबऱ्याबाहेर.

खिडकीच्या गजाला धरून मोजायचे त्याचे जोर.
सातशे नव्वद, एक्क्याण्णव,
नाकाचा शेंडा मातीला लागता लागता
छाती पुढं निसटायची, मान वर,
घामाचा पंजा उमटलेला दोन्हीकडं.
आठशे झाले की मीच दमलेली.

मुजावर वस्ताद लोखंडाला नावं ठेवायचे.
"लोखंडानं अंग फुगतंय, ताकद येत न्हाई.
आपलं अंग हेच आपलं वजन, पोरांनू.
ते घरात इसरून येता येत न्हाई."

पन्नाशीत जोत्याचा उजवा खांदा धरला.
फळीवरचा चहाचा डबा आता मी काढून देते.
तेवढ्यापुरता तो
मोबाईलमध्ये काहीतरी शोधतो.

आणि मला डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ होतायत, वजन उचला.
मी हसले. दिवसभर काय करते मग?
ते वेगळं, म्हणाले.

राजारामपुरी, आठवी गल्ली, जिना चढून वर.
ऋतुजा कांबळे, वय चोवीस, दंड माझ्या पोटरीएवढा.
"आक्का, पहिला एक जोर मारून दाखवा."
मला सगळं पाठ होतं.
पंजे कुठं, टाचा कुठं, श्वास कधी सोडायचा.
खाली गेले ती खालीच.
गालाला रबराची चटई, नाकात तिचा वास,
आठशेपर्यंत मोजलेली बाई
एकावर अडकली.

ऋतुजा शेजारी मांडी घालून बसली.
"लोखंडाचं बरं असतंय, आक्का.
पाच न्हाई झालं तर अडीच घ्यायचं.
अंगाचा अडीच किलोचा तुकडा पाडता येतोय व्हय?"
वस्ताद असते तर काय म्हणाले असते, कुणास ठाऊक.
बहुतेक ठंडाईचा पेला खाली ठेवून
लांब बघत बसले असते.

अडीच. पाच.
गौरी गेल्यावर साडेसात.
एकदा कोपऱ्यातल्या थप्पीवरनं प्लेट काढताना
बोट भोकात गेलं
आणि आतल्या कडेला शीर लागली, केसाएवढी.
पेटीचा सांधा ढिला होता त्या आठवड्यात,
मी दोनदा सांगितलं होतं सुपरवायझरला.
"ही माझी," म्हटलं.
ऋतुजाला वाटलं, वजन निवडलं.
"आत्ताच नको, आक्का, वीसची आहे ती."

रात्री जोत्या भिंतीला हात टेकून
उभ्यानं जोर काढतो. दवाखान्यातल्या पोरीनं शिकवलेले.
"हसू नगं," म्हणतो, पाठ माझ्याकडं करून.
भिंतीचा चुना तळव्यांना लागतो,
उजवा हात डाव्यापेक्षा वीतभर खाली.

काल भांडी घासून झाल्यावर
मी त्याच्या शेजारी भिंतीला लागले.
कुकरची शिट्टी राहिली होती एक,
ती होईपर्यंत म्हणून.
माझे मी मोजत नव्हते.
तो मोजत होता,
तोंडातल्या तोंडात, त्याचे सोडून माझे.
चौदावर चुकला,
पुन्हा अकरापासून धरलं.
मी काही बोलले नाही.