चावी काढली

विश्वतेज बुचडे पितळेचा गोळा घेऊन आला.
"दस्तगीरचाचा, मूठ काढून द्या एक.
पुढं ढकलली की ब्रेक, मागं ओढली की वेग."
उलटं सांगतोस लेका, म्हटलं.
"जपानात गाडी अशीच चालवतात."

पितळेचा किस लांब येत नाही, रव्यासारखा उडतो.
दुपारभर रवा झाडत बसलो.
ब्रेकला आठ खाचा, वेगाला पाच,
आणि प्रत्येक खाच बोटाला कळायला हवी, न बघता.
यावर मी गप्प. माझा धंदा तरी दुसरा काय आहे?

रात्री बघायला गेलो. यादवनगर, पत्र्याची खोली.
जुन्या टीव्हीत परगाव पळत होतं:
तारा, घरांच्या पाठी, गॅलरीत वाळणाऱ्या गाद्या,
मग भुयार, मग पुन्हा ऊन.
सिग्नल दिसला की पोरगं बोट रोखायचं
आणि एकटंच मोठ्यानं म्हणायचं, "हिरवा. चला."
पांढरे हातमोजे फौंड्रीतलेच, दोनदा उकळलेले.
कोण ऐकतंय रं?
"हात ऐकतो, चाचा."

गाडी खुणेपुढं चाळीस सेंटिमीटर गेली
तर कपाळ धरून बसला.
आमची मिरजेहून येते, तास अर्धा तास कुणी विचारत नाही,
रूळ संपले की थांबते.
पुढं गावच आहे. चुकून जाणार कुठं?

शिरोलीला ओतकामाच्या वेळीही त्याचं तेच.
"वाट मोकळी. पाय मोकळे. साचा कोरडा."
पोरं शिट्टी मारायची, ड्रायव्हर आला म्हणून.
एका गुरुवारी तो "साचा" म्हणाला
आणि पुढचा शब्द आलाच नाही.
बोट तसंच. रसाची डोल अधांतरी.
मुकादमानं आईबाप काढले, रस गार झाला,
साचा फोडून बघितला.
कोरडाच होता.

दिवसाचा पगार कापला.
दुसऱ्या दिवशी मात्र
मुकादम डोलीपाशी उभा राहून
तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता म्हणे,
बोट खिशाशीच, अर्धं वर.

एक्क्याण्णव साली चकमध्ये विसरलेली चावी
माझे दोन दात घेऊन गेली.
आता लेथ चालू करण्याआधी इकडंतिकडं बघतो,
शेजारचा मिलिंगवाला जेवायला गेला असेल तर
बोट रोखतो.
चावी काढली.
आवाज अजून मोठा निघत नाही.