शिदोरी

शेवटची खेप संपवून दोर बांधला होता,
तेव्हा सांपेद्रच्या धक्क्यावर पाद्री सिप्रियान उभे दिसले.
ऐंशीच्या पुढचे, पायांत वहाणा, उजवा हात छातीवर घट्ट.
मी हाक मारली. नुसती मान हलवली त्यांनी.
सारंग हळूच म्हणाला, बोलू नको,
खिशात कोण आहे माहीत आहे ना?

पलीकडे दिवाडीला एर्मेलिंद जायला निघाली होती.
पोदेरीण. तीस वर्षं पहाटेच्या पहिल्या खेपेला
टोपलीवर निळं प्लॅस्टिक, खाली वाफाळती पोई,
आणि दोन उंडे आमच्यासाठी बाजूला, न विचारता.
पैसे पुढे केले की म्हणायची,
तुम्ही घेता का माझं तिकीट?
फेरीत पायी माणसाला तिकीट नसतं.

बॅटरी धरून मी घरापर्यंत गेलो.
उंबऱ्याशी थांबलो. आत जावं की नाही, कळेना.
टेबलावर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, पेला, चमचा.
मागच्या दारी भट्टी गार, तिच्या तोंडाशी मांजर झोपलेलं.
गिळता येत नव्हतं तिला.
पाद्रींनी डबी उघडून ओस्त मोडली,
मोडलेली पुन्हा मोडली,
तांदळाच्या कणीएवढी उरली
ती चमचाभर पाण्यावर ठेवली.
आच्चिपे, सोरोर, वियातिकुम...
जिनं अख्ख्या बेटाला पाव घातला
तिला एवढासा, आणि तोही पुष्कळ झाला.

परतताना नदीच्या मधोमध ते बोलले.
हात आता मोकळा होता.
वीआ म्हणजे वाट.
रोमचा शिपाई घर सोडताना जे सोबत घ्यायचा,
भाकर म्हणा, चार नाणी म्हणा, ते वियातिकुम.
आणि सोरोर म्हणजे बहीण.
कोकणीत म्हटलं असतं तरी पोचलं असतं,
पण आजोबांच्या उशाशी लहानपणी ऐकलेलं
तिला तस्संच हवं होतं, चुकांसकट.

मी म्हटलं, आमच्यात शिदोरी म्हणतात.
शिदोरी, त्यांनी तोंडात घोळवून पाहिलं.
किती बांधता?
मला आईचं फडकं आठवलं, त्याची न सुटणारी गाठ.
पोटापुरती, म्हटलं, आणि वर एक भाकरी,
वाटेत कुणी भेटलं तर.
यावर ते काही बोलले नाहीत. पाण्याकडे बघत राहिले.

पाचाच्या सुमारास टेकडीवरच्या इगर्जेची घंटा झाली,
सावकाश, एकेक ठोका सुटा.
सारंगानं फळी धक्क्याला टेकवली
आणि उगीच जरा जास्त वेळ तशीच ठेवली.
मागून एक मोटारवाला हॉर्न वाजवायला लागला.
थांब रे, मी ओरडलो,
पायी माणसं आधी.